नंबर दादांचा

"आला का?" ह्यांनी दारातूनच विचारलं.

"मला कुठून येणार? तो तिकडे गेला," मी म्हटलं. "लावू फोन?"

"लाव. पण कामापुरतं बोल. आकडे घे अन् ठेव."

वीस तारीख होती. शेडमध्ये मशीन घरघरत होतं. वेफर्सच्या रिकाम्या खोक्यांवर मी लॅपटॉप मांडला होता, आणि पडद्यावर सरकार सांगत होतं की तुमच्या नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे, दहा मिनिटांत टाका. नोंदवलेला मोबाइल माझ्या मोठ्या दिरांचा, म्हणजे दादांचा. आणि दादांशी आमच्या ह्यांचं बोलणं बंद.

मी फोन लावला. पहिल्याच घंटीला तो उचलला गेला, आणि मग जाऊबाईंचा आवाज आला.

"हां व हेमे, घे. चार, शून्य, सात," सिंधूताई एकेक आकडा देवाला फूल वाहावं तसा सांगायच्या. "सात, एक, नऊ. बसला?"

"बसला. ताई, गुडघा कसा आहे?"

"गुडघा तिथीच हाये. कुठी जातो बापडा? तू सांग, खोकला गेला का तुझा? आवाज अजून..."

मागून ह्यांनी मोठ्यानं घसा खाकरला. मी फोन ठेवला, आकडे टाकले, रिटर्न भरलं गेलं. महिन्यातून दोनदा हे व्हायचं. अकरा तारखेला विक्रीचं रिटर्न, वीस तारखेला कराचं. त्या दोन दिवसांत मिळून जेवढं बोलणं व्हायचं तेवढंच आमचं दोन घरांचं नातं उरलं होतं.

आता हे असं का, ते सांगते. आम्ही फैजपूरकडचे नेहेते. सासऱ्यांनी रस्त्याच्या कडेला एका कढईवर केळीचे वेफर्स तळायला सुरुवात केली, पुढे दोन्ही भावांनी धंदा वाढवला. मोठे चुडामण, म्हणजे दादा, कढईवर. धाकटे लीलाधर, म्हणजे आमचे हे, बाहेरच्या ऑर्डरी बघणारे. मी कॉम्प्युटरचा कोर्स करून आलेली, म्हणून बिलं माझ्याकडे. आणि घरात एक रीत होती. कागद कुणाचाही असो, नंबर दादांचा. गॅसचा सिलिंडर, विजेचं बिल, पोरांची शाळा, माझं स्वतःचं बँकेचं खातं, सगळ्याचे मेसेज दादांच्या खिशात. माझ्या माहेराहून पार्सल आलं तरी पोस्टमन दादांना फोन करायचा, आणि ते कढईपासून ओरडायचे, "हेमाच्या आईनं कुरडया धाडल्या व!" अख्ख्या रस्त्याला कळायचं. मला आधी राग यायचा, मग सवय झाली, मग ते आवडायला लागलं.

जीएसटी आला तेव्हा भुसावळचे झांबरे साहेब, आमचे कर सल्लागार, नोंदणीसाठी घरी आले. धंदा कुणाच्या नावावर करायचा, असं त्यांनी विचारलं. दादा म्हणाले, "लीलाधरचं नाव टाका. तो शिकलेला हाये, सरकारशी त्याले बोलता येते." आणि मोबाइल नंबर? झांबऱ्यांनी पेन उचललं, तेव्हा आम्ही चौघांनी एकदमच दादांचा नंबर सांगितला. कुणाच्या मनातसुद्धा दुसरा नंबर आला नाही.

त्यानंतर ह्यांनी मशीन आणलं. दादांना न विचारता, हे खरं. केळी कापणारं, तळणारं, पाकीट भरणारं. त्या थंडीत शेतात भरीत-पुरीचा बेत होता. तुरीच्या काड्यांवर वांगी भाजलेली, सगळे सोयरे जमलेले. कुणीतरी मशीनचं कौतुक केलं, आणि दादा पुरी मोडता मोडता म्हणाले, "मशीनचा वेफर कागदावानी लागते. मी तर तोंडात घेनार नाही." सोयरे हसले. ह्यांना ते झोंबलं. हे म्हणाले, "दादा, तुमची कढई म्हातारी झाली आता."

कढईला म्हातारी म्हणाले, पण सगळ्यांनी दादांकडे पाहिलं. दादांनी ताटातलं भरीत तसंच ठेवलं, हात धुतला आणि घरी निघून गेले. व माय! ज्या माणसानं जन्मात ताटात कण टाकला नाही, त्यानं भरताचं ताट सोडलं. महिन्याभरात वाटे झाले. रस्त्यावरचा स्टॉल आणि कढई दादांकडे, शेड आणि मशीन आमच्याकडे. गॅस, वीज, बँक, सगळीकडचे नंबर ह्यांनी धडाधड बदलून घेतले. "तिकडे फोन लावायचा नाही," मला बजावलं. तिकडे दादांनीही ताईंना तसंच बजावलं असणार. जीएसटीचा नंबर तेवढा राहिला, कारण तो कसा बदलायचा ते ह्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं का? हे बघा, मला कुणी विचारलं नाही. न विचारता बोलणाऱ्यातली मी नाही.

मी ह्या घरात आले ती एकोणिसाव्या वर्षी. पुऱ्या लाटताना माझ्या पुरीचे नकाशे व्हायचे, आणि ताई ते आपल्या ताटाखाली लपवायच्या, सासूबाईंना दिसू नयेत म्हणून. धाकट्याच्या बाळंतपणात माझ्या उशाशी बसून राहिल्या त्या ताईच, माझी आई नव्हे. त्या ताईंचा आवाज आता मला सरकारच्या मेहेरबानीनं ऐकू यायचा. सहा आकडे, आणि त्याला जोडून ह्यांच्या खाकरण्याआधी जेवढं मावेल तेवढं. एका महिन्यात कळलं की दादांनी गोड सोडलं. पुढच्या महिन्यात कळलं की पुतणीला दिवस गेले. मी ह्यांना ते जेवताना सांगायची. हे मान खाली घालून जेवत राहायचे, पण नको म्हणायचे नाहीत.

आणि एका वीस तारखेला फोन लागलाच नाही. 'आपण ज्या व्यक्तीशी संपर्क करू इच्छिता ती क्षेत्राबाहेर आहे.' मी पुन्हापुन्हा लावला. ओटीपी मागवावा, दहा मिनिटं जावीत, तो बाद व्हावा, पुन्हा मागवावा. संध्याकाळी कळलं, दोघंही पुतणीच्या डोहाळजेवणाला खंडव्याकडे एका खेड्यात गेलेत. आम्हाला आमंत्रण असण्याचा प्रश्नच नव्हता. रिटर्न एक दिवस उशिरा गेलं आणि वर दंड बसला.

दंड काही मोठा नव्हता, पण ह्यांना निमित्त पुरलं. दुसऱ्याच दिवशी झांबऱ्यांना फोन लावला, स्पीकरवर, माझ्यासमोर.

"अहो, त्यात काय आहे," झांबरे म्हणाले. "पाच मिनिटांचं काम. नोंदणीत दुरुस्ती करायची, नवा नंबर टाकायचा. त्याच्यावर एक ओटीपी येईल, तो टाकायचा. मग शेवटी सहीसाठी एकदा जुन्या नंबरवर येईल, तो टाकायचा. झाली सुट्टी! मॅडमना येतं ते सगळं."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मिठाच्या पाण्याची बादली उगाचच इकडून तिकडे ठेवली.

"उद्याच करून टाक," हे म्हणाले.

भांडण झालं, वाटे झाले, तेव्हा मी रडले नव्हते, कारण वाटे झाले तरी माणसं कुठे जातात, असं वाटलं होतं. आता कळत होतं की उद्या एक चौकोन भरला की ताईंना फोन करायला मला कसलंच कारण उरणार नाही. वर्ष जाईल, दोन जातील, आणि मग लग्नात समोरासमोर आलो तरी 'कसं काय' म्हणून पुढे सरकू. मी पाहिलीत अशी घरं. भिंतीला भिंत लागून, आणि एकमेकांच्या सुतकात सुद्धा नाहीत.

सकाळी मी लॅपटॉप उघडला आणि हात मांडीवर ठेवून बसले.

"बसलीस काय? कर ना."

"सगळं करते," मी म्हटलं. "पण सहीचा शेवटचा ओटीपी दादांच्या नंबरावर जाणार. तो मी मागणार नाही. ज्याला तोडायचंय त्यानं मागावा."

"हेमा!"

"डोळे वटारू नका. बावीस वर्षं संसार केलाय मी तुमच्याशी, मला त्या डोळ्यांची भीती नाही. लावा फोन."

मला वाटलं होतं, हे चिडून उठून जातील आणि दिवस ढकलला जाईल. पण नेहेत्यांचं रक्त, माघार घेईल तर शपथ. ह्यांनी खिशातून फोन काढला आणि लावला. पलीकडून पहिल्या घंटीला आवाज आला, तो ताईंचा नव्हता.

"हां, बोल," दादा म्हणाले.

दोन वर्षांत पहिल्यांदा दोघांच्या कानात एकमेकांचे आवाज गेले. हे एकदम उभेच राहिले. शाळेत मास्तरांनी नाव पुकारल्यासारखे.

"दादा, ते... एक ओटीपी येईल. नंबर बदलायचा आहे. म्हणजे तुम्हाला दर महिन्याला त्रास नको."

पलीकडे तेलाचा चर्र आवाज येत राहिला. मग दादा म्हणाले, "फोनवर नाही देनार."

"म्हणजे?"

"बँकवाले रोज सांगतात. ओटीपी फोनवर कोनालेच सांगू नका. लोकं फसवतात."

"अहो दादा, मी लीलाधर बोलतोय!"

"कशावरून?" दादा शांतपणे म्हणाले. "दोन वर्सात आवाज ऐकला नाही. वळखू कसा? लीलाधर असशीन तर इथी ये. तोंड पाहीन अन् मग देईन." आणि फोन ठेवला.

मी पदर तोंडात कोंबला होता तरी हसू फुटलंच. हे माझ्यावर खेकसले, दादांवर खेकसले, सरकारवर खेकसले. मग म्हणाले, "घे तो लॅपटॉप. चल. आज हा विषय संपवतोच."

मोटरसायकलवर मी मागे बसले. मांडीवर लॅपटॉप, आणि पिशवीत मी निघताना गुपचूप टाकलेलं आमच्या वेफर्सचं एक पाकीट. का टाकलं, मलाही नक्की सांगता येत नाही. रिकाम्या हातानं त्या घरी कधी गेले नव्हते, एवढंच.

स्टॉलवर दादा कढईशी उभे. केस पार पांढरे झालेले. एका हातात सोललेलं केळ, ते किसणीवरून सरळ उकळत्या तेलात सोडत होते, चकत्या एकाला एक न चिकटता पसरत होत्या. वर नवी पाटी होती: 'नेहेते वेफर्स, कढईतून थेट', आणि खाली ठळक मोबाइल नंबर. तो नंबर मला अनोळखी होता.

"बसा," दादा म्हणाले, आमच्याकडे न बघता.

ताई गुडघा धरत आल्या आणि माझा हात त्यांनी जो पकडला तो सोडलाच नाही. हे बाकड्याच्या टोकाला टेकले. मी लॅपटॉप उघडला, फोनवरून नेट जोडलं. पाटीकडे बघत हे म्हणाले, "हा पाटीवरचा नंबर कोणाचा?"

"माझाच," दादा म्हणाले. "धंद्याचा. नवा घेतला."

"मग जुना?"

दादांनी कोपरानंच शर्टाच्या गळ्याकडे खूण केली. तेव्हा मला दिसलं. गळ्यात एक नाडी, नाडीला प्लास्टिकची पिशवी, आणि तिच्यात तो जुना बटनांचा फोन. तेल उडू नये म्हणून पिशवीचं तोंड रबरानं बांधलेलं.

"हा कायले बाळगता मग?" ह्यांनी विचारलं. ह्यांचीही बोली आता शेडमधली राहिली नव्हती, घरातली झाली होती.

उत्तर ताईंनीच दिलं. "तुमच्यासाठी, दुसरं कायले? याच्यावर दुसरा कोनाचाच फोन येत नाही. धंद्याचा फोन चार्ज नाही केला तरी त्यायले चालते. पन हा रोज पाहिजे. अकरा तारीख आली का सकाळपासून गळ्यात. मी म्हटलं, द्या इकडे, मी ठेवते. तर म्हने, तू गुडघ्यानं हळू येशीन अन् घंटी संपीन. येते तेव्हा धावत आनून माझ्या हातात देतात. तू सांग, म्हनतात. अन् बाजूले उभे राहतात, हेमा काय म्हनते ते ऐकाले."

"सिंधू, दूध उतू जाईन," दादा म्हणाले.

"दूध ठेवलंच नाही चुलीवर. ते खंडव्याकडे गेलो, तव्हाची गोष्ट सांगू? लेकीचं डोहाळजेवन, पाहुने पंगतीले बसलेले, अन् हे गच्चीवर. भर उन्हात. हात वर करून फोन धरलेला. व्याही विचारे, काय झालं? म्हने, माझ्या भावाचं रिटर्न आज हाये. शेवटी टेकडीवर गेले. रेंज काही भेटली नाही. तसेच उपाशी आले."

हे बाकड्यावरून हलले नाहीत. बोटांनी गुडघ्यावरची कसलीशी धूळ झटकत बसले, जी तिथे नव्हतीच. मला वाटलं, आता तरी म्हणतील, राहू दे, बंद कर तो लॅपटॉप. पण म्हणाले, "हेमा, सुरू कर."

रागानं मी बटणं जरा जोरातच दाबली. नोंदणी, दुरुस्ती, मालकाचा तपशील. जुना नंबर दिसला, तो खोडला, चौकोन रिकामा झाला.

"सांगा," मी म्हटलं. "नवा नंबर."

ह्यांचा नंबर मला पाठ आहे. झोपेतसुद्धा सांगेन. हे एकेक आकडा सांगत गेले, मी टाकत गेले, आणि चौथ्या आकड्याला माझं बोट थांबलं. हा नंबर ह्यांचा नव्हता. मी वर पाहिलं. हे मान वर करून पाटी वाचत होते.

"टाक ना," हे म्हणाले. "आठ. पुढं सहा."

मी टाकला. ओटीपीचं बटण दाबलं. आणि दादांच्या शर्टाच्या खिशात नवा फोन वाजला. त्यांनी दचकून, तेलकट हातानं तो काढला, डोळ्यांपासून लांब धरून वाचला.

"अरे, हा इकडे कसा आला?" ते म्हणाले. "लीला, चुकून माझाच नंबर टाकला तुम्ही."

"चुकून नाही," हे म्हणाले. "दोन-दोन फोन कायले सांभाळता? या वयात गळ्यात नाड्या. एकच ठेवा."

"पन तुले तर तुझा..."

"दादा, आपल्या घरात नंबर कोनाचा असते?"

दादा कढईकडे वळले. चकत्यांना मीठ मुरावं म्हणून ठेवलेला मिठाच्या पाण्याचा पेला उचलून तेलात ओतला, तेल खवळून उठलं, आणि त्या आवाजात त्यांनी पाठमोरे उभे राहूनच डोळे पुसले. धूर लागला म्हणाले. कढई गॅसवर होती, धूर कुठला! ताई आणि मी तर सरळसरळ रडत होतो, आम्हाला कसली लाज. कुणीतरी गिऱ्हाईक पाव किलो मागत उभं होतं, ते बिचारं गोंधळून गेलं.

"अरे, दहा मिनिटांत बाद होते ते!" दादाच एकदम ओरडले. "घे व हेमा, लिव्ह." आणि त्यांनी मला आकडे सांगितले, स्वतःच्या आवाजात, कढईपासून, रस्त्याला ऐकू जाईल असे. मग सहीचा ओटीपी गळ्यातल्या फोनवर आला. पिशवीचं रबर त्यांना सुटेना, तेव्हा ह्यांनी जाऊन ते सोडवलं. दोघं भाऊ त्या टिचभर पडद्यावर डोकी टेकवून वाचत होते.

चहा झाला. निघताना मी पिशवीतलं पाकीट काढून ताईंच्या हातात द्यायला गेले, तर मध्येच दादांनी घेतलं. उलटं-सुलटं करून पाहिलं. फोडलं. एक वेफर काढून उजेडासमोर धरला. त्यांनी तो तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत राहिले.

"कागदावानी?" ह्यांनी विचारलं.

"नाही," दादा म्हणाले. "कापनी बरी हाये. पन मीठ आत गेलं नाही, वरवर फिरते. पानी कव्हा सोडता?"

"तळून झाल्यावर फवारा मारते मशीन."

"हात्तिच्या! मग कसं मुरीन?" दुसरा वेफर तोंडात गेला होता. "तेल तापलेलं असताना सोडा लागते पानी. मशीनले काय कळते. उद्या सकायी येतो मी."

"या ना," हे म्हणाले. "सांगायचं कायले? या."

त्या वर्षीच्या थंडीत भरीत पुन्हा शेतात झालं, आणि दादांनी ताट पुसून खाल्लं. पण मला आठवतं ते त्याच्या आधीचं, पुढच्या वीस तारखेचं. खोक्यांवर लॅपटॉप, मशीनची घरघर, आणि मी फोन कानाला लावणार तेवढ्यात मशीनच्या पलीकडून आरोळी आली:

"हेमा, आला व! घे, पाच, दोन, आठ..."

मी फोन खाली ठेवला आणि आकडे टाकू लागले.